आधी नाव सांगा, मग बातमी

राजकीय बातमी समोर आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. हे पोर्टल कुणाचं? भाजपचं की काँग्रेसचं, शिंदेंचं की ठाकरेंचं? उत्तर मिळालं की निकाल लागला. आपल्या बाजूचं असेल तर निर्भीड, पलीकडचं असेल तर विकाऊ. बातमी वाचायची गरजच उरत नाही.

प्रश्न योग्य आहे, पण आपण तिथंच थांबतो. बाजू कळली म्हणून विश्वासार्हता कळत नाही. पक्षाचं मुखपत्र खरी बातमी देऊ शकतं आणि निष्पक्ष म्हणवणारं पोर्टल धादांत खोटी. म्हणून आज सरळ सांगतो. बाजू घ्या, खुशाल घ्या. पण नाव लावून घ्या, पुरावा देऊन घ्या आणि चूक झाली तर ती त्याच पानावर कबूल करा. या तीन गोष्टी जो करतो तो माझ्या विरोधी बाजूचा असला तरी मी त्याला वाचतो. जो करत नाही तो माझ्या मनातलं बोलत असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

*

मराठी वृत्तपत्रांनी बाजू घेतल्याची लाज कधी बाळगली नाही. ‘दीनबंधु’ १८७७ साली निघालं ते सत्यशोधकांचं म्हणणं मांडायला. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघालं ते ज्यांचं गाऱ्हाणं कुणी छापत नव्हतं त्यांच्यासाठी. अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ साली निघाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढाईत उतरायला. ‘सामना’ कुणाचा, हे तर शेंबडं पोरही सांगेल. यातल्या कुणीही वाचकाला फसवून आत ओढलं नाही. अंक हातात घेणाऱ्याला आपण कुणाचं म्हणणं वाचतो आहोत हे पक्कं माहीत होतं.

पुण्यातल्या वाचकाला तर दोन्ही बाजू एकाच शहरात मिळत. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून रान उठलं तेव्हा ‘केसरी’ विरोधात होता, ‘सुधारक’ बाजूनं. दोघांची भाषा जहाल, दोघांच्या भूमिका टोकाच्या. पण दोघंही आपापल्या नावानं उभे होते. दोन्ही वाचून मत बनवायची मुभा वाचकाला होती.

टिळक आणि आगरकर एकत्र होते तेव्हाचं, म्हणजे त्याआधीचं, एक प्रकरण आज प्रत्येक पोर्टलवाल्यानं वाचायला हवं. त्यांचा ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ (अत्र्यांचा नव्हे) १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, त्यात कारभारी बर्वे यांचा हात आहे, अशी तेव्हा चर्चा होती. दोन्ही वृत्तपत्रांनी महाराजांची बाजू घेतली आणि कारभाऱ्यांवर तुटून पडली. आधार होता बर्व्यांच्या नावच्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. हेतू चांगला होता, कळकळ खरी होती, कागद मात्र खोटा होता.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. टिळक–आगरकरांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट धरून ते १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात राहिले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. चुकीच्या कागदावर विसंबल्याची किंमत संपादकांनी स्वतःच्या अंगावर घेतली. ‘आम्ही फक्त आलेला मजकूर पुढे दिला’ असं म्हणून हात झटकायची सोय त्यांना नव्हती. १८६७ च्या कायद्यानं छापील मजकुरावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव घालणं बंधनकारक केलं होतं. इंग्रजांनी हा कायदा आणला तो छापखान्यांवर नजर ठेवायला. पण त्यातून वाचकाच्या हाती एक हक्क आला. खोटं छापणारा माणूस कोण, हे त्याला कळू लागलं. छापील वर्तमानपत्रात शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात असलेली ती ओळ आपण कधी वाचत नाही. विश्वासाची सुरुवात मात्र तिथूनच होते.

*

आता मोबाइलवर या. थंबनेलवर भडक लाल अक्षरं. ‘राजकारणात भूकंप’, ‘पायाखालची वाळू सरकली’, ‘सगळ्यांसमोर धुतलं’. आत आठ मिनिटांचा व्हिडिओ, त्यात सात मिनिटं प्रस्तावना आणि एक मिनिट ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही. ‘आमच्याविषयी’ या पानावर सत्य, निर्भीडता आणि महाराष्ट्राचा आवाज. पगार कोण देतं, ते कुठेच नाही.

हे आपोआप घडत नाही. १ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, फेसबुकनं भारतातली दोन जाळी उखडली. पहिल्या जाळ्यात ६८७ पानं आणि खाती होती. ती काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींची असल्याचं फेसबुकनं सांगितलं. आपली अधिकृत पानं त्यात नव्हती, असा खुलासा काँग्रेसनं केला. दुसऱ्या जाळ्यात फक्त १५ पानं, खाती आणि ग्रुप होते, पण त्यांचे अनुयायी होते सुमारे २६ लाख. ते सिल्व्हर टच या आयटी कंपनीशी संबंधित व्यक्तींचं असल्याचं फेसबुकनं जाहीर केलं. त्यात भाजपची बाजू घेणारं ‘द इंडिया आय’ हे पान होतं. दोन्ही जाळ्यांनी हजारो डॉलर्स जाहिरातींवर ओतले होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकीकडे शेकडो खाती, दुसरीकडे मूठभर. ज्याची संख्या कमी त्याची पोहोच प्रचंड. तेव्हा ‘त्यांचीच ट्रोल आर्मी मोठी’ हा वाद निरर्थक आहे. खोटी ओळख लावून मत बनवायचा उद्योग दोन्ही बाजूंनी झाला आणि दोन्हीकडे फसला तो मतदार.

हाच खेळ देशाच्या नावानंही खेळला गेला. ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेनं २०१९ आणि २०२० मध्ये दोन अहवाल दिले. दिल्लीतल्या एका उद्योगसमूहाशी जोडलेली शेकडो बनावट वृत्त-संकेतस्थळं कितीतरी देशांच्या नावांनी चालत होती, असं त्यात दाखवलं होतं. ‘टाइम्स ऑफ जिनिव्हा’ असं भारदस्त नाव, मजकूर मात्र पाकिस्तानविरोधी आणि भारताच्या बाजूचा. वाचताना आपल्याला बरं वाटलं असतं. पण परदेशी वर्तमानपत्रानं भारताची बाजू घेतली म्हणून आपण ज्या बातम्यांनी सुखावलो, त्यांतल्या काहींच्या मागे परदेशी वर्तमानपत्रच नसेल, तर त्या सुखाची किंमत काय? खोट्या साक्षीदारानं आपल्या बाजूनं साक्ष दिली तरी खटला कच्चाच होतो.

*

मग ज्यांचं नाव मोठं, कार्यालय मोठं, ते विश्वासाचे का? तेवढ्यावर नाही.

अमेरिकेतलं फॉक्स न्यूज कुणाच्या बाजूचं आहे हे जगाला माहीत आहे. २०२० ची अध्यक्षीय निवडणूक ट्रम्प हरले आणि डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी मतं फिरवली, हा आरोप या वाहिनीवरून वारंवार झाला. डोमिनियननं खटला भरला. हे आरोप खोटे आहेत, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी मुख्य सुनावणीआधीच नोंदवला. १८ एप्रिल २०२३ रोजी, सुनावणी सुरू होण्याच्या बेतात असताना, फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर्स देऊन तडजोड केली.

या खटल्यात एक गोष्ट पैशाहून मोठी बाहेर आली. वाहिनीच्या लोकांचे आपसातले संदेश उघड झाले. पडद्यावर ज्या दाव्यांना जागा मिळत होती, त्यांवर आतल्या अनेकांचा विश्वासच नव्हता. मग ते चालू का राहिलं? प्रेक्षक निघून जाईल या भीतीनं. निवडणुकीच्या रात्री फॉक्सनं ॲरिझोना बायडेन यांच्या पारड्यात टाकला तेव्हा त्यांचाच प्रेक्षक खवळला होता आणि दुसऱ्या वाहिन्यांकडे वळू लागला होता. खरं सांगितलं म्हणून प्रेक्षकानं शिक्षा केली आणि वाहिनीनं धडा घेतला.

हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या नेत्यावर टीका केली म्हणून चॅनल अनसबस्क्राइब करणारा वाचक त्या पत्रकाराला खोटं बोलायला शिकवतो. पक्षपाती माध्यमांचा कारखाना फक्त मालकाच्या पैशावर चालत नाही. आपल्या अंगठ्यावरही चालतो.

*

मग तपासायचं कसं? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट चेकर आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. त्यात जवळपास सारख्या नावाच्या, बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. एक देशातली मोठी, मान्यताप्राप्त संस्था. दुसरी समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक देण्याच्या प्रश्नावरून वेगळी झालेल्यांची, जेमतेम काही शे सभासदांची. इतिहासकार आणि विद्यार्थी पान खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि देखण्या मांडणीला, संदर्भांच्या यादीला, भारदस्त नावाला त्यांच्यातले बरेच भुलले. फॅक्ट चेकर मात्र काही क्षणांत त्या पानावरून उठले. नवी टॅब उघडली आणि या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते पाहिलं. थोडं वाचूनही ते अचूक ठरले.

धडा सोपा आहे. साइट स्वतःविषयी काय सांगते ते सोडा, तिच्याविषयी बाहेरचे काय सांगतात ते आधी पाहा. हे काम घरबसल्या होतं.

फेसबुकवरच्या पानाची ‘पेज ट्रान्सपरन्सी’ उघडा. पान कधी सुरू झालं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कुठल्या देशात आहेत, हे तिथं दिसतं. काल विनोदाचं पान होतं आणि आज ‘महाराष्ट्राचा आवाज’ झालं असेल तर तेही दिसतं. मेटाच्या ॲड लायब्ररीत पानाचं नाव टाका. राजकीय जाहिरातींवर त्यानं किती पैसे घातले आणि जाहिरातीवर कुणाचं नाव आहे, ते कळतं. ‘आम्ही लोकवर्गणीवर चालतो’ म्हणणाऱ्याची परीक्षा इथं होते.

बातमीत मूळ कागद शोधा. न्यायालयानं ताशेरे ओढले, असं लिहिलं असेल तर आदेशाची तारीख आणि प्रकरणाचं नाव हवं. कॅगनं ठपका ठेवला असेल तर अहवाल जाहीर असतो. उमेदवाराची मालमत्ता वाढली असेल तर प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मूळ कागद ज्या बातमीत दाखवला आहे, ती विरोधकाची असली तरी मानावी लागते.

क्लिप दहा सेकंदांची असेल तर पूर्ण भाषण शोधा. फोटो जुना वाटला तर सर्च इंजिनमध्ये तोच फोटो टाकून उलट शोध घ्या, तो कधी आणि कुठून आला ते सापडतं. नामांकित वाहिनीच्या लोगोचं ग्राफिक दिसलं तर त्या वाहिनीच्या पानावर ते आहे का बघा. निवडणुकीच्या दिवसांत अशा नकली पाट्यांचा सुळसुळाट असतो.

आणि एक सवय लावून घ्या. आपल्या बाजूचं एक आणि विरोधी बाजूचं एक, अशी दोन पत्रं रोज वाचा. दोघं ज्यावर भांडतात ते मत. दोघांनाही नाकारता येत नाही ती बातमी.

*

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. खोट्या क्लिपला मतदानाची तारीख फार प्रिय असते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, एप्रिल महिन्यात, अमित शहांचा एक व्हिडिओ फिरला. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचं आरक्षण संपवू, असं ते म्हणताना ऐकू येत होतं. मूळ भाषण २०२३ चं, तेलंगणातलं. त्यात ते मुस्लिम आरक्षण संपवण्याबद्दल बोलत होते. कापून-जोडून अर्थ बदलला होता. काँग्रेसच्या समाजमाध्यम विभागातल्या पदाधिकाऱ्याला या प्रकरणात अटक झाली.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही ऑडिओ क्लिप भाजपनं पुढे आणल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप होता. दोघांनी आरोप फेटाळला, सुळे यांनी तक्रार केली. फॅक्ट चेक करणाऱ्यांनी क्लिप तपासल्या आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवल्याच्या खुणा दाखवल्या. तोवर सकाळ झाली होती आणि लोक रांगेत उभे होते.

मतदानाच्या तोंडावर आलेला सनसनाटी पुरावा खोटाच असतो असं नाही. पण तपासायला वेळ उरू नये अशा वेळी जो येतो, त्याच्यावर त्या दिवशी मत ठरवू नये.

*

खोट्या बातमीचं मोल कधी कधी रक्तात मोजावं लागतं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं जमावानं दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठेचून मारलं. परिसरात चोर आणि मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा फिरत होत्या. अफवेनं तिघांचा जीव घेतला.

मग दुसरी फेरी सुरू झाली. तीन मृतदेहांवर धर्माचं लेबल चिकटवायची घाई सुटली. व्हिडिओत कुणी तरी ‘ओय बस’ ओरडतं. त्याचं ‘शोएब बस’ करून ते देशभर फिरवलं गेलं. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुस्लिम नाही, हे सांगावं लागलं. दोन शब्द नीट न ऐकता एका समाजाला खुनी ठरवलं गेलं. पाठवणाऱ्यांपैकी कितींनी मागाहून ‘मी चुकीचं पाठवलं’ असं त्याच ग्रुपवर लिहिलं? तुमच्या ग्रुपमध्ये कुणी लिहिलं होतं का, आठवून पाहा.

*

खरं काय आणि खोटं काय, हे सरकारनंच ठरवून द्यावं, असं काहींना वाटतं. केंद्रानं २०२३ मध्ये तसा नियम केलाही. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी काय खोटं आणि काय दिशाभूल करणारं, हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार होतं. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियमाच्या विरोधात कौल दिला आणि तो रद्द झाला. योग्यच झालं. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानंच ती खरी की खोटी ठरवायची, हा न्याय नव्हे. आज तुमच्या आवडीचं सरकार असेल, उद्या नसेल. तो अधिकार मात्र खुर्चीसोबत राहिला असता.

स्वतंत्र फॅक्ट चेक संस्था उपयोगी आहेत, मराठीतही काम करतात. पण त्यांनाही हीच फूटपट्टी लावा. पैसा कुठून येतो ते सांगतात का? पद्धत दाखवतात का? सत्तेतल्या आणि विरोधातल्या, दोघांच्या थापा तपासतात का? चुकलं तर दुरुस्ती करतात का? जो दुसऱ्याला तपासतो त्यानं आधी स्वतःचं पान उघडं ठेवायला हवं.

म्हणजे काम शेवटी आपल्याकडेच येतं. ते करावंच लागेल, कारण मत आपण देतो.

या आठवड्यात एवढंच करा. ज्या पोर्टलवर, ज्या यूट्यूबरवर तुमचा सर्वात जास्त विश्वास आहे, त्याच्या पानावर जा आणि त्यानं छापलेली दुरुस्ती शोधा. आपल्याच बाजूला अडचणीची ठरलेली एक बातमी त्यानं दिली का, ते बघा. दोन्ही सापडलं तर त्याला जपा, जमल्यास वर्गणी द्या. एकही सापडलं नाही तर त्याची बातमी पुढे पाठवू नका. आणि जी बातमी वाचून तुम्हाला सर्वात जास्त आनंद झाला, ती सर्वात आधी तपासा. तुम्हाला फसवायचं असेल तर कुणीही तुमच्या आवडीचीच बातमी घेऊन येईल.